प्रवासाचे शब्द आणि इंग्रजी भूतकाळ

हिंदी मनुष्यानें इंग्रजींत लिहून छापविलेलें पहिलें पुस्तक कोणतें, असा प्रश्न केला असतां पुष्कळांच्या मनापुढें एखादा धर्मविषयक वाद, एखादा राजकीय अर्ज किंवा एखादें काव्य उभें राहील. वस्तुस्थिति निराळी आहे. पहिलेपणाचा मान ज्या पुस्तकास सामान्यतः दिला जातो तें प्रवासाचें आहे. पाटण्यास जन्मलेला व कंपनीच्या बंगाली फौजेबरोबर वाढलेला दीन महंमद नांवाचा गृहस्थ आयर्लंडांतील कॉर्क शहरीं जाऊन राहिला, आणि सन १७९४ मध्यें त्यानें आपल्या हिंदुस्थानांतील भ्रमणाची हकीकत मित्रास लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें तेथेंच प्रसिद्ध केली. मायकेल फिशर ह्या इतिहासकारानें अलीकडे हें पुस्तक बारकाईनें तपासलें, तेव्हां त्यांतील कांहीं वर्णनें ग्रोस व श्रीमती किंडर्स्ली ह्या इंग्रज प्रवाशांच्या आधीं छापलेल्या पुस्तकांतून उचललेलीं आढळलीं. ज्या देशांत आपण जन्मलों, ज्याच्या वाटा आपण पायांखालीं घातल्या, त्याचें वर्णन करण्यास ह्या गृहस्थानें परक्यांचीं वाक्यें उसनीं घेतलीं!

ह्याला चौर्य म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आणि त्या शतकांतील प्रवासलेखक एकमेकांच्या पुस्तकांतून सर्रास उतारे घेत, हेंही खरें आहे. परंतु आम्हांस ह्यांत दुसरेंच कांहीं दिसतें. परक्या भाषेंत वस्तूंचीं नांवें मिळविणें फारसें अवघड नसतें. छावणी, नदी, तंबू, घोडा, मुक्काम ह्यांचे प्रतिशब्द चार महिन्यांत तोंडीं बसतात. आपल्यावर ओढवलेली गोष्ट ती ज्या क्रमानें घडली त्या क्रमानें, ऐकणाराचा गोंधळ न होऊं देतां, आणि आपली म्हणून ओळखूं येईल अशा रीतीनें सांगणें, हें मात्र निराळें शिक्षण आहे. आणि इंग्रजींत ह्या शिक्षणाचें दार म्हणजे भूतकाळ. महाराष्ट्रांतील पहिल्या इंग्रजी शिकणारांनीं हीं दोन्ही शिक्षणें कशीं घेतलीं, एक लवकर साधून दुसरें इतकें जड कां गेलें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

इंग्रज येण्यापूर्वीं मराठींत प्रवासाच्या शब्दांचा दुष्काळ होता, असें मुळींच नाहीं. ज्यांच्या फौजा तंजावरापासून अटकेपर्यंत फिरल्या, आणि ज्यांचे वारकरी, कावडवाले व काशीचे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या पायीं चालले, त्यांच्या भाषेंत मजल, मुक्काम, कूच, तळ, सराई, धर्मशाळा, शिदोरी, पडशी, वाटाड्या, तरी, उतार, मेणा, तट्टू, भाडें असे शब्द ढिगानें होते. सन १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यापर्यंतचे २१ मैल आगगाडी धावली, तेव्हां तिच्याबरोबर स्टेशन, तिकीट, गार्ड, सिग्नल, इंजिन हे शब्द आले, आणि प्लॅटफॉर्माचा तर लोकांनीं आपल्या जिभेच्या सोयीनें फलाट करून टाकला. पण गाडीच्या पोटांत मात्र जुनींच मंडळी बसली. सामान उचलणारा हमालच राहिला. बसण्याची जागा डबा झाली. पैसे द्यावयाचे तें भाडें. आणि उतरणें ह्या क्रियापदापासून निघालेला उतारू निमूटपणें तिसऱ्या वर्गाच्या बांकावर जाऊन बसला. आगगाडी व आगबोट ह्या जोड्या तर त्या काळच्या लोकांच्या धीटपणाच्या खुणा आहेत. आज आगगाडी हा शब्द बोलण्यांतून जवळजवळ उठला आहे, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

देवघेव एकाच बाजूनें झाली, असेंही नव्हे. घाट म्हणजे डोंगर चढण्या-उतरण्याची वाट. इंग्रज प्रवाशांनीं तो शब्द ऐकला, वाट सोडून दिली व तें नांव सगळ्या डोंगरालाच चिकटविलें. आणि आतां आमचीं भूगोलाचीं पुस्तकें सह्याद्रीस पश्चिम घाट म्हणतात. बोरघाटाची गोष्ट निघालीच आहे तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, सन १८५८ पासून १८६३ पर्यंत मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य खोपोलीपर्यंत आगगाडीनें जाई, मधला घाट मेणा, तट्टू किंवा बैलगाडी ह्यांनीं चढे, आणि खंडाळ्यास पुनः आगगाडींत बसे. एकाच दिवसाच्या प्रवासांत दोन युगांचे शब्द लागत.

ह्याहून जुनें उदाहरण दर्यावरचें आहे. कोंकणचे खलाशी विलायती जहाजांवर कामास असत, आणि त्यांचा व गोऱ्या तांडेलांचा व्यवहार इंग्रजी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज वगैरे भाषांच्या मिश्रणानें चाले. हें मिश्रण इतकें रूढ होतें कीं, इंग्रज अधिकाऱ्यांस तें शिकतां यावें म्हणून थॉमस रोबक ह्यानें सन १८११ मध्यें जहाजावरील शब्दांचा व हुकुमांचा एक कोश छापला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून पहिले विद्यार्थी बाहेर पडण्याच्या कितीतरी आधीं रत्नागिरीकडील मनुष्य शीड, सुकाणूं, नांगर, दोर ह्यांच्या इंग्रजी नांवांशीं खेळत होता, आणि लंडनची गोदीही त्यानें पाहिली होती. परंतु त्याच्या हातचें एकही प्रवासवर्णन आपल्यापाशीं नाहीं. त्याच्यापाशीं शब्द होते. ज्या भाषेंत गोष्ट सांगितली असतां परके ऐकून घेतात, ती भाषा त्याला कोणीं शिकविली नव्हती. आणि त्याची स्वतःची भाषा ऐकून लिहून घेण्यास कोणी बसलें नाहीं. मुंबईच्या वाडिया घराण्यांतील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे जहाजबांधणीचें काम शिकावयास सन १८३८ मध्यें विलायतेस गेले. तेथील अडीच वर्षांच्या मुक्कामाची हकीकत त्यांनीं इंग्रजींत लिहून सन १८४१ मध्यें लंडनांत छापली. दर्या तोच, गोदीही तीच. फरक शाळेचा होता.

शब्दांच्या पोटांत थोडें शिरून पाहिलें तर मौज दिसते. इंग्रजीचा 'जर्नी' हा शब्द दिवस ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला. त्याचा मूळचा अर्थ एका दिवसांत चालून होईल तेवढी वाट. म्हणजे आमची मजलच ती! मजल हा शब्दही अरबींतला असून, उतरावयाचें ठिकाण, मग तेथपर्यंतचें अंतर, असा त्याचा अर्थ वाढला. 'ट्रॅव्हल' व कष्ट ह्या अर्थाचा 'ट्रॅव्हेल' हे तर मूळचे एकच. चालण्यानें जीव मेटाकुटीस येतो, हा त्यांतला अनुभव. आमच्या 'प्रवास' शब्दाची दृष्टि ह्या सर्वांहून वेगळी आहे. प्र आणि वस्, म्हणजे घर सोडून अन्यत्र राहणें. चालणें त्यांत नाहींच. घराबाहेर पडलेली रात्र तेवढी आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलास 'जर्नी', 'व्हॉयेज', 'टूर', 'ट्रिप' ह्यांतला भेद कोष्टक पाठ करवून शिकविण्यापेक्षां वारी, यात्रा, स्वारी, सफर, फेरी, मोहीम हे शब्द त्याच्यापुढें मांडून, आपण कोणता शब्द केव्हां वापरतों, तें त्यालाच विचारावें. भेद म्हणजे काय, हें तो आपोआप जाणतो. पंढरीची सफर किंवा दिल्लीवरची वारी असें मराठी मुलाच्या तोंडून चुकूनही निघत नाहीं.

नांवांचें प्रकरण येथेंच पुरें करूं. खरी झटापट पुढें आहे.

सन १८३२ च्या जानेवारीच्या ६ तारखेस बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' काढलें, त्यांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीं शेजारीं छापीत. वाचकानें एका स्तंभांतून दुसऱ्यांत नजर टाकावी व दोन्ही भाषा पारखाव्या, अशी ती सोय होती. चारच वर्षांनीं, सन १८३६ मध्यें, बाविशीच्या दादोबा पांडुरंगांनीं मराठीचें व्याकरण छापलें. त्या काळीं इंग्लंडांत व हिंदुस्थानांत शाळाशाळांतून लिंडले मरे ह्याचें सन १७९५ चें इंग्रजी व्याकरण चाले. मरेनें इंग्रजीस सहा काळ दिले होते. त्यांतल्या साध्या भूतकाळाचें, म्हणजे 'मी गेलों' एवढेंच सांगणाऱ्या रूपाचें, नांव त्यानें लॅटिनच्या वळणावर 'इंपरफेक्ट', म्हणजे अपूर्ण, असें ठेविलें होतें. क्रिया तर संपलेली, आणि तिचें नांव अपूर्ण! मुंबईच्या शाळेंत हें घोकणाऱ्या मुलाची काय गत झाली असेल, ह्याची कल्पना करावी.

जुन्या शास्त्रीमंडळींची अडचण आणखी वेगळी होती. त्यांचें मन पाणिनीच्या भूतकाळांवर घडलेलें. तेथें सामान्य भूतासाठीं लुङ्, आजच्या पूर्वींच्या भूतासाठीं लङ्, आणि बोलणाराच्या डोळ्यांआड घडलेल्या भूतासाठीं लिट्. म्हणजे गोष्ट केव्हां घडली आणि ती सांगणारानें पाहिली कीं नाहीं, हे तेथील प्रश्न. इंग्रजी भूतकाळ ह्यांतलें कांहीं विचारीत नाहीं. तो विचारतो: ह्या गोष्टीचा आतांशीं संबंध उरला आहे काय? आणि दोन गोष्टी मागच्या असल्या तर त्यांत आधींची कोणती? रामानें सेतु बांधला, हें इंग्रज ज्या रूपानें सांगतो त्याच रूपानें आपण सकाळीं चहा घेतला, हेंही सांगतो. पाहिलेलें व ऐकलेलें ह्यांची क्रियापदांत सरमिसळ करणें ही परंपरेच्या पंडितास प्रथम अडाणीपणाची खूण वाटली असल्यास नवल नाहीं.

मराठीची रीति ह्या दोहोंहून निराळी. आमचा सकर्मक भूतकाळ हा मूळचा कर्मणि धातुसाधिताचा वंशज आहे. 'मया ग्रामः दृष्टः' ह्याचेंच 'मीं गांव पाहिला' झालें. म्हणून आम्हीं डोंगर पाहिला, नदी पाहिली, देऊळ पाहिलें. पाहणारे आम्ही तेच, पण क्रियापद आमच्याकडे ढुंकून पाहत नाहीं. तें पाहिलेल्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें. इंग्रजींत पाहणारा पुढें आणि सर्व वाक्य त्याच्या मागें. प्रवासाची गोष्ट सांगतांना ह्या भेदाचा परिणाम केवढा होतो, हें इंग्रजी प्रवासवर्णन घेऊन मराठींत उतरूं लागलें कीं कळतें. पानभर 'आय', 'आय', 'आय' म्हणून डौलानें चाललेला साहेब मराठींत येतांच 'मीं' होऊन कोपऱ्यांत सरकतो, आणि किल्ले, नद्या, बाजार क्रियापदास हातीं धरून पुढें येतात. उलट मराठी मुलगा इंग्रजींत गोष्ट लिहावयास बसला म्हणजे पहिले कित्येक दिवस त्याला ह्या 'आय'चा संकोच वाटतो. आमच्या वर्गांत हें आम्ही वर्षानुवर्षें पाहत आलों आहों.

जाण्याच्या क्रियापदाची एक गंमत येथें सांगावीशी वाटते. इंग्रजींत 'गो' चा भूतकाळ 'वेंट'. हें रूप 'गो' चें नव्हेच. वळणें, वाट धरणें ह्या अर्थाच्या 'वेंड' ह्या क्रियापदाचा तो भूतकाळ असून सुमारें पंधराव्या शतकापासून 'गो' नें तो आपलासा केला. विद्यार्थी ह्याबद्दल इंग्रजीस नांवें ठेवतात. त्यांना विचारावें, 'जातो' चा भूतकाळ काय? 'गेला'. त्यांत 'जा' कोठें आहे? जातो हा संस्कृत या धातूचा, आणि गेला हा गम् धातूच्या 'गत' चा. ज्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडितानें मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, तो वाचला म्हणजे अशा गांठी एकामागून एक सुटत जातात. प्रवासांत सर्वांत जास्त लागणाऱ्या क्रियापदास दोन्ही भाषांनीं भूतकाळ उसना आणला आहे.

सर्वांत चिवट अडचण मात्र 'होता'ची. 'मी काल पुण्यास गेलों होतों' हें शुद्ध मराठी वाक्य. गेलों होतों, म्हणजे गेलों आणि परतलों. तें प्रकरण संपलें. ह्याचें शब्दशः इंग्रजी 'आय हॅड गॉन टु पूना यस्टरडे'. इंग्रज हें ऐकतो आणि थांबतो. त्याच्या भाषेंत 'हॅड' म्हणजे अर्धी गोष्ट. तुम्ही गेलां होतां, मग पुढें काय झालें? गाडी चुकली? घरीं चोर शिरले? तो दुसऱ्या घटनेची वाट पाहतो, आणि आमचा मनुष्य तर बोलून मोकळा झालेला असतो. हा घोटाळा दीडशें वर्षें चालत आला आहे. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनींही तो केला, आणि मुलाकडे अमेरिकेस निघालेले आजचे आजीआजोबा विमानतळावरील अधिकाऱ्यापुढें तोच करतात. 'गेल्या वेळीं केव्हां आलां होतां?' ह्या मनांतल्या मराठी प्रश्नास ते 'आय हॅड कम' असें प्रामाणिक उत्तर देतात, आणि समोरचा मनुष्य उगीच संशयानें मान वर करतो. त्यांना व्याकरण येत नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें आहे. त्यांना एक व्याकरण इतकें पक्कें येतें कीं, दुसरें त्याच्या सांच्यांत ओतलें जातें.

मग मराठींत आधींचें-नंतरचें दाखवीत नाहींत काय? दाखवितात, पण त्याचें साधन वेगळें. उठून, स्नान करून, भाकरी बांधून घेऊन, देवास नमस्कार करून निघालों, ह्यांत पांच घटना ओळीनें उभ्या आहेत आणि काळ एकच, तोही अखेरीस. हें 'ऊन'चें सूत्र इंग्रजींत नाहीं. शिवाय आमचा भूतकाळ नेहमीं भूताविषयींच बोलतो, असेंही नाहीं. सिग्नल पडला व लांबवर धूर दिसला कीं, फलाटावरचा मनुष्य 'गाडी आली!' म्हणून ओरडे. गाडी तेव्हां मैलभर दूर असे. आंतून हांक आली म्हणजे आपण 'आलों' म्हणतों आणि जागचे हालत नाहीं. 'भूक लागली' हें आतांचें दुःख आहे. उलट बखरकार शंभर वर्षांपूर्वींची लढाई सांगतांना वर्तमानकाळांत शिरतो. फौज कूच करते, सरदार येऊन भेटतात. अशा मोकळ्या वहिवाटीच्या मनुष्यास इंग्रजी काळांची ती काटेकोर शिस्त जाचक वाटावी, हें स्वाभाविक होतें.

जाचाची गोष्ट वर्गापुरती असती तर तिचा एवढा विस्तार केला नसता. जिल्ह्याच्या कोर्टांत साक्षीदार मराठींत बोले आणि न्यायाधीश त्याचें टिपण इंग्रजींत करी. मराठींत दुसऱ्याचें बोलणें सांगतांना आपण त्याचे शब्द तसेच ठेवतों. 'रामा म्हणाला कीं मीं त्यास मारलें'. ह्यांतला 'मीं' कोण? ऐकणारा मराठी मनुष्य क्षणाचाही विचार न करतां जाणतो कीं, तो रामा. इंग्रजींत अशा जागीं पुरुष बदलावा लागतो, काळ एक पायरी मागें न्यावा लागतो, 'उद्यां'चें 'दुसऱ्या दिवशीं' आणि 'येथें'चें 'तेथें' करावें लागतें. हा बदल न करतां शब्दास शब्द ठेवून भाषांतर केलें तर रामाचा कबुलीजबाब साक्षीदाराच्या गळ्यांत पडतो! शाळेंत ज्या प्रकरणास मुलें सर्वांत कंटाळतात त्याच्यावर एखाद्याची सुटका किंवा शिक्षा अवलंबून राहूं शके.

ज्यांनीं हें नवें कथन प्रथम मराठींत रुजविलें त्यांनीं तें बहुधा प्रवासाच्या आडोशानेंच रुजविलें, ही गोष्ट आम्हांस फार सूचक वाटते. हरि केशवजींनीं सन १८४१ मध्यें बनियनच्या ग्रंथाचें 'यात्रिक क्रमण' हें भाषांतर केलें. तें एका वाटसरूची गोष्ट. सन १८५७ मध्यें बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' निघालें. मराठींतल्या ह्या आद्य सामाजिक कादंबरीची नायिका नवऱ्याबरोबर गांवोगांव हिंडते आणि वाटेंत विधवांच्या हकीकती ऐकते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं हातीं घेतलेलें व विष्णुशास्त्र्यांनीं पुरें केलेलें 'रासेलस' हेंही घराबाहेर पडलेल्या राजपुत्राचेंच आख्यान. इंग्रजी गद्याची घडी मराठींत बसवितांना ह्या मंडळींस प्रवासाचा धागा सोयीचा वाटला असावा. एक मुक्काम झाला कीं दुसरा येतो, आणि काळाचा क्रम वाटेच्या क्रमानें आपोआप राखला जातो.

तथापि दुसऱ्याचें भाषांतर करणें वेगळें, आणि स्वतःची हकीकत परक्यांस त्यांच्या भाषेंत पटवून देणें वेगळें. हें काम ज्यांच्यावर पडलें त्यांत दोन स्त्रियांचीं नांवें अग्रभागीं आहेत. आनंदीबाई जोशी ह्यांना इंग्रजी शिकविलें तें गोपाळरावांनीं, बदलीच्या गांवांतून हिंडत असतां. न्यूजर्सींतील कार्पेंटरबाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हां त्यांचें वय पंधरा. आपल्या घरीं काय घडतें, आजपर्यंत काय घडलें, हें कधीं न पाहिलेल्या बाईस कळेल अशा इंग्रजींत लिहावयाचें होतें. सन १८८३ च्या फेब्रुवारींत त्यांनीं श्रीरामपूर येथें इंग्रजींत भाषण करून आपण अमेरिकेस कां जातों तें सांगितलें. एप्रिलच्या ७ तारखेस त्या कलकत्त्याहून निघाल्या, आणि जूनच्या ४ तारखेस न्यूयॉर्कास उतरल्या. वय अठरा. त्या भाषणामागें कोष्टकें घोकण्याची नव्हे, पत्रें लिहिण्याची तयारी होती. ज्याला खरोखर कांहीं सांगावयाचें असतें तो भूतकाळ लवकर शिकतो, हें आमचें मत त्यांच्याच उदाहरणावरून बनलें आहे.

पंडिता रमाबाईंची वाट उलटी. संस्कृत, मराठी, कानडी, बंगाली ह्यांत मुरलेल्या बाई इंग्रजीकडे उशिरां वळल्या. पुण्यास मिस हरफर्ड ह्यांच्याकडे त्यांचे धडे झाले; त्याच बाईंकडे रमाबाई रानडेही शिकत असत. सन १८८३ मध्येंच पंडिता रमाबाई विलायतेस गेल्या आणि समुद्रप्रवासाची हकीकत त्यांनीं पत्ररूपानें मराठींत लिहिली. पुढें चेल्टनहॅमच्या कॉलेजांत शिक्षण झाल्यावर, सन १८८६ च्या मार्चांत आनंदीबाईंच्या पदवीदान-समारंभास त्या फिलाडेल्फियास गेल्या. दुसऱ्याच वर्षीं त्यांचें हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक निघालें. अमेरिकन वाचकांस पैशाची मदत मागावयाची होती; तेथें गोष्ट इंग्रजींतच सांगणें भाग होतें. परंतु अमेरिकेच्या प्रवासाचा मोठा वृत्तान्त त्यांनीं सन १८८९ मध्यें छापला, तो पुनः मराठींत. ह्या निवडीचें मोल आम्हांस फार वाटतें. परक्यांस आपलें दुःख सांगावयास त्यांची भाषा घेतली, आणि परक्यांचा देश आपल्या लोकांस दाखविण्यास आपली. तेथें मात्र पाहिलेल्या वस्तूनें क्रियापद चालविलें.

ह्याच काळांत, इंग्रजीचें अक्षरही न शिकलेले विष्णुभट गोडसे वरसईस बसून आपला प्रवास लिहीत होते. सन १८५७ मध्यें बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून ते काकांबरोबर उत्तरेस गेले, बंडाच्या वणव्यांत सांपडले, आणि झांशीच्या वेढ्यांत आंत होते. सुमारें सव्वीस वर्षांनीं त्यांनीं ही हकीकत लिहिली. चिंतामणराव वैद्यांनीं सन १९०७ मध्यें ती प्रसिद्ध केली, पण भाषेवर आपला हात फिरवून. मूळ लेखन तसेंच्या तसें वाचावयास मिळण्यास सन १९६६ उजाडावें लागलें. तें काम दत्तो वामन पोतदारांनीं केलें. वैद्यांच्या हातानें पुस्तक सुवाच्य झालें, हें मान्य केलेंच पाहिजे. तरीही दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं असतां, शाळेंत शिकलेलें गद्य व पायीं चाललेलें गद्य ह्यांतलें अंतर लपत नाहीं.

आणखी एक रूप राहिलें. वर आम्हीं खोपोलीच्या प्रवाशाविषयीं 'जाई', 'चढे', 'बसे' असें लिहिलें. हा आमचा रीतिभूतकाळ. नेहमींची सवय एकाच शब्दांत सांगणारें असें रूप इंग्रजींत नाहीं. तिला 'यूज्ड टु' किंवा 'वुड' जोडावें लागतें. ह्या रूपाचा इतिहासही मोठा आहे. ज्ञानेश्वरींत 'करी' म्हणजे करतो. तो तेथें वर्तमानकाळ आहे. 'करितो' ह्या नव्या रूपानें ती जागा घेतली, तेव्हां 'करी' मागें सरकला आणि सवयीच्या भूतकाळांत जाऊन राहिला. आतां तो तेथूनही उठूं पाहत आहे. बोलण्यांत 'जायचा', 'यायचा' ह्यांनीं त्याची जागा बळकाविलीच आहे. आमचे विद्यार्थी 'यूज्ड टु गो' चें भाषांतर 'जात असे' असें करतात, कांहीं 'जायचा' असें करतात. दोन्ही बरोबर आहेत, आणि आम्ही पूर्ण गुण देतों. 'जाई' असें लिहिणारा विद्यार्थी गेल्या कित्येक वर्षांत एखाददुसराच भेटला. त्याला विचारलें तेव्हां त्यानें सांगितलें कीं, आजी गोष्ट सांगतांना असें म्हणते.